साखरझोप

तीन वाजून दहा. पंप आधी थरथरतो,
मग ओरडायला लागतो: साखर घसरली, साखर घसरली.
सुलेवी चष्मा न शोधताच उठतो,
ज्यूसची बाटली माझ्या दाताला लागते.
थांब, म्हणते मी. बोट टोचते.
थेंब सांगतो, सगळं ठीक आहे.

चूक कुणाचीच नाही.
त्याचं डोकं माझ्या डाव्या दंडावर होतं,
दंडावर सेन्सर,
दबलेल्या कातडीत त्याला साखर सापडेना.
कुणी कुशीत आलं
की यंत्राला वाटतं, बाई बुडाली.

मी सात वर्षांची असताना
आमच्या घरात एक परीक्षानळी आली.
लघवीचे पाच थेंब, पाण्याचे दहा, एक गोळी,
आणि चुलीशिवाय ते उकळायचं.
निळं झालं तर मी शहाणी.
हिरवं झालं तर, कुणाकडे काय खाल्लंस?
विटकरी झालं की आई गप्प.
पत्रं तोलायच्या काट्यावर ती बटाटे ठेवायची,
एकेक करून,
टपालानं लांब कुठे जायचे असल्यासारखे.
रात्री टॉर्च घेऊन यायची,
घाम फुटलाय का ते कपाळाला हात लावून बघायची.
मी जागीच असायची.
डोळे मिटून घ्यायची,
हात लगेच निघू नये म्हणून.

आता दर पाच मिनिटांनी हा बघतो.
याच्या डोळ्यांत तेल नाही, एक पेन्सिल-सेल आहे.
साखर उतरली की हात आखडता घेतो,
चढली की थोडं सोडतो. मला विचारत नाही.
जेवण मात्र सांगावं लागतं:
राईच्या पावाचे दोन तुकडे, तीस ग्रॅम.
मी खोटंही बोलते.
हेल्विच्या साठीला केकचा दुसरा तुकडा
सांगितलाच नाही.
दोन तासांनी त्याला कळलं,
पण कुणाकडे, काय, असं काही नाही.
बरं वाटलं.
मग तितकंसं नाही.

दिवसा मी साइमा तळ्यावर तराफा चालवते.
या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी दोर,
सात मिनिटं जायला, सात यायला.
दोर सोडून कुठे जाता येत नाही
आणि कुणाला जायचंही नसतं.
एका पोरानं विचारलं, तुझ्या पोटातून वायर का येते?
म्हटलं, मीपण तराफाच आहे.
त्याला पटलं. आईला पटलं नाही.

उणे अठ्ठावीसला हा लोकरीच्या आत, कातडीला चिकटून.
नळीतलं औषध गोठू नये
म्हणून मी याला ऊब देते.
कोण कुणाला सांभाळतंय
ते त्या थंडीत विचारू नये.

शनिवारी सौना. तिथे याला मज्जाव,
गरमीनं इन्सुलिन नासतं.
बाहेरच्या बाकावर टॉवेलखाली ठेवते.
दगडांवर पाणी, वाफ,
आणि वीस मिनिटं मला कुणीच मोजत नाही.
पहिली दहा छान जातात.
नंतर हात आपोआप कमरेकडे जातो,
मोडलेल्या दाताकडे जीभ जाते तसा.

त्या खोट्या गजरानंतर सुलेवी महिनाभर
पलंगाच्या कडेला झोपला, हात छातीवर घेऊन,
पाहुण्यासारखा.
मग एके दिवशी फ्रिजवर कॅलेंडर लागलं,
त्याच्याच वाकड्या अक्षरात: डा, उ, डा, उ.
सेन्सर दर दहा दिवसांनी दंड बदलतो,
तशी आम्ही बाजू बदलतो.
उशी, चष्मा, पाण्याचा पेला,
सगळं बिऱ्हाड उचलून पलीकडे.
खिडकीकडे तो जास्त घोरतो.
भिंतीकडे लाथा मारतो.

आज डा.
पहाटेची ही साखरझोप,
आणि नेमकी याच वेळी माझी साखर
न खाता-पिता चढायला लागते.
पंप हळूच घोट घोट सोडतोय, ऐकू येतं.
उजव्या दंडावर त्याचं जड डोकं.
मुंग्या आल्यात, बोटं कळेनाशी झालीत.
गजर होत नाही.
डोळे मिटून घेते.